काउंटरवरच्या पोरीला सोडा, बिल मात्र सोडू नका

काका, सा. न.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. महिन्याचा किराणा घराजवळच्या एका सुपर मार्केटातून भरतो. तिथं सुट्टे म्हणून कधी मिळत नाहीत. दोन रुपये असोत नाहीतर चार, हातावर चॉकलेटं ठेवतात. संक्रांतीच्या आधी तीळ, गूळ, शेंगदाणे आणायला गेले होते. ३९७ रुपये झाले, मी चारशे दिले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "चिल्लर नाही की ओ काकू." मी म्हटलं, "मग बिल तरी दे." तर म्हणे प्रिंटर बंद आहे. माझं डोकंच फिरलं. मागं रांग होती तरी मी मोठ्यानं बोलले. "रोज लुटता का लोकांना?" असंही म्हणून गेले. मॅनेजर आला, सगळ्यांदेखत तिलाच झापलं आणि स्वतःच्या खिशातून मला तीन रुपये काढून दिले.

पंचाईत पुढंच आहे. ती मुलगी आमच्याच अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. आता जिन्यात दिसली की खाली मान घालून जाते. तिची आई माझ्या हळदीकुंकवाला आली नाही. मिस्टर म्हणतात, "तीन रुपयांसाठी शेजार घालवलास."

दुसरं असं की, दिवाळीत नवी पेठेतल्या एका दुकानातून मिक्सर घेतला. "बिल पाहिजे तर अठरा टक्के जास्त पडतील" म्हणाले, म्हणून बिल घेतलं नाही. २,६०० रुपये यूपीआयनं दिले. आता तो मिक्सर दोन मिनिटं चालला की जळका वास मारतो. दुकानदार म्हणतो, "बिल दाखवा." त्यानंच दिलं नाही ते मी कुठून दाखवू? एक चिठ्ठी तेवढी आहे.

माझं चुकलं का? आणि मिक्सरचं काय करू?

स. कु., जुळे सोलापूर

ताई,

तीन रुपये मागितलेत यात तुमचं काही चुकलं नाही. ते तुमचेच होते. चुकलं ते एवढंच की मालकाला किंवा मॅनेजरला विचारायचं सोडून तुम्ही पगारी पोरीवर आवाज चढवलात. आणि राग मानणार नसाल तर आणखी एक बोलतो. तीन रुपयांसाठी अख्खं दुकान डोक्यावर घेतलंत, पण २,६०० रुपयांचं बिल मुकाट्यानं सोडून आलात. भांडायचंच होतं तर नवी पेठेत भांडायचं होतं.

मी कापड दुकानात दिवाणजी होतो. गल्ल्याची आतली बाजू जन्मभर पाहिली आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

आपल्याकडच्या जुन्या दुकानांत गल्ल्यावर मालक स्वतः बसतो. तिथं दोन रुपयांवरून बोलाचाली झाली तरी ती ज्याचे पैसे त्याच्याशीच होते, आणि तो मनात आणेल तर जागच्या जागी मिटवतो. सुपर मार्केटात तसं नसतं. सकाळी मुलगी काउंटरवर बसते तेव्हा ड्रॉवरमध्ये ठरावीक रक्कम सुट्टे म्हणून टाकलेली असते. सकाळचं दूध-ब्रेडचं गिऱ्हाईक पाचशेची नोट घेऊन येतं. अशा पाच-सहा नोटा मोडल्या की ड्रॉवरचा चिल्लरचा कप्पा मोकळा. ती मॅनेजरला हाक मारते, तो लांबूनच म्हणतो, "चालव तसंच." मग चॉकलेटची बरणी पुढं सरकते. रात्री शटर अर्धं खाली आलं की हिशोब. पाचशेच्या नोटा वेगळ्या, शंभरच्या वेगळ्या, दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा सरळ करून त्यांचा गठ्ठा, आणि नाण्यांच्या चवडी. कॉम्प्युटर सांगेल तेवढी रोकड भरली पाहिजे. कमी भरली तर बऱ्याच ठिकाणी तिच्या पगारातून जाते. जास्त भरली तर ती मालकाची. म्हणजे गिऱ्हाइकाची शिवी ती खाते, आणि तीन रुपये वर राहिलेच तर ते दुकानात जमा होतात.

या तीन रुपयांना क्षुल्लक म्हणणाऱ्यांसाठी थोडं गणित. दिवसाला तीनशे गिऱ्हाईकं धरा आणि प्रत्येकाचे सरासरी दोन रुपये ठेवून घेतले असं धरा. दिवसाचे सहाशे, महिन्याचे अठरा हजार. काउंटरवरच्या एका मुलीचा पगार त्यात निघून वर चार पैसे उरतील. चॉकलेट दिलं तरी दुकानाचं नुकसान नाही, कारण ते घाऊक भावात आणलेलं असतं आणि तुमच्या गळ्यात पूर्ण किमतीला मारलं जातं. न मागितलेला माल विकायचा आणि त्याला सुट्टे म्हणायचं, असा तो प्रकार आहे. मिस्टरांना हे गणित सांगा. ते शेजाराबद्दल बोलले ते खरं आहे, रुपयांबद्दल बोलले ते नाही.

आता चिल्लर खरंच नसते का? कधी नसते. नाणी मुंबई, हैदराबाद, कोलकाता आणि नोएडाच्या टांकसाळीत पडतात, रिझर्व्ह बँकेमार्फत बँकांकडं येतात, आणि तिथून दुकानात आणायला कुणीतरी जावं लागतं. मुद्दा या जाण्याचा आहे. नोटा आणि नाणी बदलून देण्याची सोय शाखांनी ठेवली पाहिजे असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. पण नाण्यांची पिशवी उचलून आणायचा कंटाळा असतो, आणि चॉकलेटची बरणी हाताशी असते. आमच्या शेठजींचा दंडक होता, बोहनीच्या गिऱ्हाइकाला "सुट्टे नाहीत" म्हणायचं नाही. दुकान उघडायच्या आधी मी चिल्लरची थैली तपासायची. कमी असली तर पोऱ्याला लक्ष्मी मार्केटला पिटाळायचं, भाजीवाल्या मावशींकडं सकाळी नाणी असत आणि त्यांनाही नोटा हव्या असत. गड्ड्याच्या यात्रेत तर उलटंच व्हायचं. पाळणेवाले आणि खेळणीवाले पिशव्या घेऊन यायचे आणि आम्हालाच म्हणायचे, "नोटा द्या की शेठ." ज्याला आणायची त्याला चिल्लर मिळते.

आणि तुमच्याही घरात देवघराशेजारी किंवा फ्रिजवर एखाद्या डब्यात नाणी साठलेली असणार. माझ्याकडं आहेत. ती बाहेर काढा. शहरभर असे डबे भरलेले आणि दुकानांचे कप्पे रिकामे, असा हा मामला आहे.

त्या डब्यात दहाची नाणी असली तर तीही न्या. "दहाचं नाणं चालत नाही" म्हणणारे दुकानदार आपल्याकडं अजून भेटतात. गंमत म्हणजे सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट देणाराच दहाचं नाणं परत करतो. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं होतं की त्या वेळेपर्यंत निघालेली दहाच्या नाण्याची चौदाही डिझाईन चालू चलन आहेत, रुपयाचं चिन्ह असलेलीही आणि नसलेलीही. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत वैध आहेत. पन्नास पैसेही कागदोपत्री जिवंत आहेत, दहा रुपयांपर्यंत. ३० जून २०११ पासून बंद झाली ती पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी. अर्थात पन्नास पैशांची नाणी मोजत काउंटर अडवून बसा असं मी सांगणार नाही, मागच्यांनी तुम्हाला सोडलं तरी मी सोडणार नाही.

पुढच्या वेळी काउंटरवर काय करायचं? बोलायचं ते पैसे द्यायच्या आधी. चारशेची रक्कम तिच्या ड्रॉवरमध्ये गेली की तुमची बाजू लंगडी पडते. हातात नोट असतानाच विचारा, "बाळ, तीन रुपये सुट्टे आहेत का? नसतील तर मी फोनवरून देते." यूपीआयनं नेमके ३९७ देता येतात, तीन रुपयांचा प्रश्नच उरत नाही. रोखच द्यायचे असतील आणि चिल्लर खरंच नसेल तर म्हणा, "बिलावर तीन रुपये बाकी लिहून सही कर, पुढच्या वेळी वजा कर." एसटीत कंडक्टर तिकिटाच्या मागं उरलेले पैसे लिहून देतात ना, तसंच. फरक एवढाच की एसटीतून उतरायच्या गडबडीत आपण ते मागायला विसरतो, सुपर मार्केटात तर तुम्ही पुन्हा जाणारच आहात. चॉकलेट पुढं आलं तर ते तिथंच ठेवा आणि "हे नको" एवढंच म्हणा. का नको याचं भाषण नको.

हे दर वेळचंच असेल तर गर्दी नसताना, दुपारी, मॅनेजरला गाठा. तक्रार वही मागा आणि त्यात लिहा की सुट्ट्याऐवजी चॉकलेटं दिली जातात. तारखेनं लिहा, मुलीचं नाव लिहू नका. पाकिटबंद वस्तूचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले जात असतील, म्हणजे ४७ च्या बिस्किटाचे ५० घेतले, तर ते साध्या सुट्ट्याच्या पलीकडं गेलं. छापील किरकोळ किंमत सर्व करांसकट असते आणि तिच्यावर घेणं २०११ च्या पाकिटबंद वस्तूंच्या नियमांत बसत नाही. त्याची तक्रार वैध मापन शास्त्र खात्याकडं होते.

प्रिंटर बंद होता हे मात्र मला पुरतं पटलेलं नाही. स्क्रीनवर ३९७ दिसले म्हणजे माल स्कॅन झाला होता, बिल मशीनमध्ये तयार होतं. कागदाचा रोल संपला असेल तर हातानं लिहून देता येतं, त्यासाठी बिलबुक ठेवायचं असतं. मोबाईलवर पाठवतो म्हणाले तर चालेल, पण "नंबर दिल्याशिवाय बिल निघत नाही" असं कुणी म्हणालं तर नंबर देऊ नका. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना बजावलं होतं की मोबाईल नंबरची सक्ती करू नका.

बिल का, हे जरा सविस्तर सांगतो, कारण सुट्ट्यापेक्षा ते महत्त्वाचं आहे. गल्ल्याच्या आतून पाहिलं तर बिल नसलेली विक्री ही झालीच नाही असं धरता येतं. कधी मालक ती करापासून लपवतो. कधी नोकर मालकापासून लपवतो, पैसे घेतो आणि माल पिशवीत घालून देतो. म्हणून शहाणा मालक स्वतःच गिऱ्हाइकाला बिल घ्यायला लावतो. रेल्वेच्या स्टॉलवर "बिल नाही तर पैसे नाहीत" अशा अर्थाची पाटी असते, पुढच्या वेळी सोलापूर स्टेशनवर गाडीची वाट बघत असाल तेव्हा नजर टाका. ती पाटी प्रवाशाइतकीच रेल्वेच्याही फायद्याची आहे.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते सांगितलं आहे, आणि बिल, कॅश मेमो किंवा पावती न देणं हे त्यात स्पष्टपणे आहे. "दोनशेच्या आत बिल नसतं" असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल. जीएसटी कायद्यात दोनशेपेक्षा कमी रकमेचं वेगळं बिल न बनवण्याची मुभा आहे खरी, पण गिऱ्हाईक मागत नसेल तरच. जीएसटीची नोंदणी असलेल्या दुकानात मागितलं की द्यायचं.

कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानदाराकडं मात्र नोंदणीच नसेल. नुसता माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे त्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. तो तुमच्याकडून जीएसटी घेऊ शकत नाही, पण साधं बिल देऊ शकतो, नाव, तारीख, वस्तू आणि रक्कम लिहून. त्याच्यामागं लागू नका, मागितलं तर तो बहुधा देतो. ज्याच्या बिलावर जीएसटी लावलेला आहे त्याचा नंबर मात्र बघत जा. पंधरा अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ नं. विजापूर, इंडी, कलबुर्गीकडं खरेदीला जाणाऱ्यांना २९ दिसेल. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकला की दुकानाचं नोंदणीतलं नाव समोर येतं.

औषधाच्या दुकानात तर बिल सोडूच नका. औषधाचा बॅच नंबर आणि मुदत बिलावर असते. गोळी बदलून मागायची असो की ती गोळीच शंकास्पद निघो, बिल नसलं तर त्या दुकानातून ती घेतली हे तुम्ही सिद्ध कसं करणार? आजारी माणसाला घेऊन आलेला घाईत असतो आणि मेडिकलवाल्याला ते ठाऊक असतं.

एक बारीक गोष्ट. मशीनवरचं गुळगुळीत कागदाचं बिल टिकत नाही. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवलंत तर काळंठिक्कर पडतं, कपाटात ठेवलं तरी हळूहळू पुसट होतं. मोठ्या खरेदीच्या बिलाचा घरी पोचताक्षणी फोटो काढा.

आता तिसरा मजला.

तिच्या आईशी बोलायच्या आधी मुलीशी बोला. दुकानात नाही, जिन्यातही नाही. ती कामावरून आल्यावर थोडं थांबून, तिच्या घरी जा. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले असतात, दारात पाय टाकल्या टाकल्या बोलणं सुरू करू नका. "त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुला बोलायला नको होतं, राग दुकानाचा होता आणि निघाला तुझ्यावर," एवढं पुरे. "पण तूसुद्धा..." हे पुढचं वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. तीन रुपयांचा विषय त्या घरात काढू नका. ती रडली तर समजूत घालत बसू नका, पाणी घेऊन या म्हणायचं आणि दोन मिनिटं दुसरं काहीतरी बोलायचं. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. दिवस उरले असतील तर तिच्या आईला पुन्हा बोलवा, मुद्दाम वर जाऊन, फोनवर नको. त्या आल्या तर इतर बायकांसमोर झाल्या प्रकाराचा उच्चार नको. नाही आल्या तर वाण घरी पोचतं करा आणि विषय सोडा. काही माणसांना वेळ लागतो.

एक काम मात्र तुम्ही करू शकता आणि ते त्या मुलीला माफीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. मॅनेजरला सांगा की दोष तिचा नव्हता, तुमच्याकडं चिल्लर आणि प्रिंटरचा रोल नव्हता. तिला लोकांसमोर झापलं हे बरं केलं नाही, हेही सांगा. त्याला हे गिऱ्हाइकाकडून ऐकायची सवय नसते. तक्रार वहीत तेच लिहिलंत तर आणखी उत्तम.

राहिला मिक्सर, आणि इथं मला तुमच्यावर जरा रागवायचं आहे.

"बिल पाहिजे तर अठरा टक्के" हे वाक्य ऐकलं की समजायचं, तो तुम्हाला सवलत देत नाही, स्वतः कर चुकवतो आहे आणि त्याची जोखीम तुमच्याकडं सरकवतो आहे. हिशोब करा. २,६०० वर अठरा टक्के म्हणजे ४६८, बिलासह मिक्सर ३,०६८ ला पडला असता. तेवढ्या पैशांत तुम्हाला कंपनीची वॉरंटी मिळाली असती, कारण ती बिलाच्या तारखेपासून मोजतात. उलट बाजूनं पाहिलं तर त्यानं घेतलेल्या २,६०० मध्येच कर धरला पाहिजे होता, तो सुमारे ३९७ रुपये होतो. तुमच्या किराण्याचा आकडा नेमका तोच होता, हा योगायोग!

काय हाताशी आहे ते आधी एका पिशवीत गोळा करा. मिक्सरचा खोका, वॉरंटी कार्ड, ती चिठ्ठी, आणि यूपीआयची नोंद. चिठ्ठीवर दुकानाचं नाव बहुधा नसेल, वर "एस्टिमेट" असं काहीतरी छापलेलं असेल. तरी टाकू नका, तारीख, मॉडेल आणि हस्ताक्षर त्यावर आहे. यूपीआयच्या नोंदीत पैसे कुणाच्या नावावर गेले ते बघा. दुकानाच्या नावावर गेले असतील तर उत्तम. मालकाच्या किंवा पोऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर गेले असतील तर तेही पुराव्यात येतं, फक्त थोडं जास्त समजावून सांगावं लागतं. पुढं लक्षात ठेवा, स्कॅन केल्यावर पडद्यावर नाव उमटतं ते वाचल्याशिवाय पिन टाकायचा नाही. आणि यूपीआयचा मेसेज म्हणजे बिल नव्हे. पैसे दिले एवढं त्यातून कळतं, कशाचे दिले ते नाही.

पिशवी घेऊन दुकानात जा. आवाज न चढवता म्हणा, "अमुक तारखेला तुम्ही माझ्याकडून २,६०० रुपये घेतलेत, ही नोंद. त्या तारखेचं बिल द्या आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारा." पुन्हा ४६८ मागितले तर द्यायचे की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी देणार नाही. निम्म्याहून जास्त दुकानदार या पायरीवर शिक्का मारून देतात, असा माझा अनुभव, कारण शिक्का मारण्यात त्यांचं काही जात नाही आणि मिक्सर कंपनी दुरुस्त करते. त्याच दिवशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाही फोन करा आणि मिक्सरच्या बुडाशी असलेला सिरीयल नंबर सांगा, त्यावरून तो कधी बनला हे कळतं आणि कधी कधी तेवढ्यावर काम होतं.

तो हटून बसला तर तेच सगळं कागदावर लिहून स्पीड पोस्टानं पाठवा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, १९१५. मराठीत बोलता येतं. ते दुकानदाराशी किंवा कंपनीशी संपर्क करून तडजोड घडवतात, हुकूम देत नाहीत, हे ध्यानात ठेवून फोन करा. तिथंही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आपल्या सोलापुरातच आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, अर्ज घरबसल्या ई-जागृती पोर्टलवरून करता येतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा तुम्हाला घाई नाही. २,६०० च्या मिक्सरसाठी तारखांना हजर राहायचं की नाही, हा प्रश्न आहेच. पण नोटीस जाईपर्यंतच बहुतेक प्रकरणं मिटतात, म्हणून ती पायरी गाळू नका.

जीएसटी खात्यात तक्रार करीन अशी धमकी मात्र पहिल्याच वाक्यात देऊ नका. बिल न देता माल विकल्याबद्दल कलम १२२ खाली दहा हजार किंवा चुकवलेला कर, यातली जी रक्कम जास्त असेल तेवढा दंड होऊ शकतो, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. न बोलता ते त्याच्या डोक्यात असतंच. बोललात की तो हट्टाला पेटतो.

मिक्सर तोपर्यंत लावू नका, जळका वास येतोय तर कॉइल जाईल आणि मग "तुम्हीच बिघडवलात" म्हणायला त्याला जागा होईल. शेंगा चटणी थोडे दिवस खलबत्त्यात कुटा, चव तशीही त्यातच चांगली लागते.

काय झालं ते कळवा. दुकानाचं नाव लिहू नका, छापणार नाही.